जुनी फाइल, नवं वर्ड: उघडणं सोपं, सेव्ह करणं जोखमीचं

मला फक्त एक तारीख बदलायची होती. २००२ साली केलेला १४० पानांचा अहवाल, डॉक फाइल. नव्या लॅपटॉपवर ती मुकाट्याने उघडली. तारीख बदलली, सेव्ह केली, बंद केली. आठवड्याभराने छापायला घेतली तर पानं भरली १४६. अनुक्रमणिका त्या काळी हातानेच टाइप केलेली, त्यामुळे तिच्यातले बहुतेक पृष्ठक्रमांक खोटे पडले. दोन तक्ते मधोमध तुटून पुढच्या पानावर गेले होते. मूळ फाइलची प्रत ठेवली होती का? छे. एका तारखेसाठी कोण प्रत ठेवतं!

जुन्या फाइली नव्या सॉफ्टवेअरमध्ये हाताळताना बहुतेकांची चूक इथेच होते. फाइल उघडली, अक्षरं नीट दिसली, की आपण सुटकेचा निःश्वास सोडतो. पण उघडताना फाइलला काही होत नाही. जे व्हायचं ते सेव्हचं बटण दाबल्यावर होतं. असं का, ते समजायला आधी फाइलच्या पोटात काय असतं ते पाहू.

नाव एकच, पण फाइली वेगवेगळ्या

फाइलच्या नावात टिंबानंतर जी अक्षरं येतात ती फाइलची जात सांगतात, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं. मायक्रोसॉफ्ट वर्ड १९८३ साली आलं आणि पुढची बरीच वर्षं त्याच्या फाइलींच्या शेवटी ‘डॉक’च असायचं. आतली मांडणी मात्र मध्येच बदलत गेली. वर्ड ९५ ची डॉक फाइल आणि वर्ड ९७ ची डॉक फाइल बाहेरून जुळ्या बहिणी दिसतात, पण एकीची भाषा दुसरीला कळत नाही. वर्ड ९७ ची मांडणी मग वर्ड २००३ पर्यंत टिकली. म्हणून सेव्ह करताना यादीत ‘वर्ड ९७-२००३ डॉक्युमेंट’ असा लांबलचक पर्याय दिसतो.

फाइलमधली माहिती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या खुणांनी लिहायची, याच्या या ठरलेल्या पद्धतीला फॉरमॅट म्हणतात. २००७ च्या वर्डने फॉरमॅट मुळापासून बदलला आणि ‘डॉकएक्स’ आणलं. ते पुढे २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्याआधी २००६ मध्येच ‘ओडीएफ’ नावाचा दुसरा खुला फॉरमॅट मानक म्हणून मंजूर झाला होता. लिबरऑफिस या वर्डसारख्याच मोफत सॉफ्टवेअरच्या ‘ओडीटी’ फाइली या ओडीएफ घराण्यातल्या.

वहीतल्या खाडाखोडी आणि खणांचा डबा

जुनी डॉक फाइल ज्या काळात घडली तेव्हा संगणक हळू होते आणि डिस्क त्याहून हळू. त्यामुळे वर्डच्या स्मरणात मजकूर जसा पसरलेला असेल तसाच्या तसा उचलून डिस्कवर ठेवला की काम भागायचं. दुसऱ्या कोणी ती फाइल वाचावी, असा विचारच फारसा नव्हता. त्या फॉरमॅटचं तपशीलवार वर्णन मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी खुलं केलं ते २००८ मध्ये. तोवर बाकीच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी ते अंदाजाने आणि चिकाटीने उलगडलं होतं.

त्यातच ‘फास्ट सेव्ह’ नावाची एक सोय होती. वहीत आपण एखादं वाक्य खोडून शेजारी ‘शेवटच्या पानावर पाहा’ असं लिहितो ना, तसंच. वर्ड सगळी फाइल पुन्हा लिहायचं नाही, फक्त बदल शेवटी जोडायचं. वेळ वाचायचा, पण खोडलेला मजकूर फाइलमध्येच पडून राहायचा. जुनी डॉक फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर विचित्र चिन्हांच्या गर्दीत कधी कधी आपणच गाळलेलं वाक्य समोर येतं. एखादं जुनं पत्र कुणाला जसंच्या तसं पाठवण्याआधी हे आठवावं.

डॉकएक्सची गोष्ट वेगळी. तो खरं तर एक झिप केलेला डबा आहे, आत खण पाडलेला. हे स्वतः पाहता येतं. कुठल्याही डॉकएक्स फाइलची प्रत करा, टिंबानंतरची अक्षरं काढून तिथे ‘झिप’ लिहा आणि ती उघडा. आत ‘वर्ड’ नावाचं फोल्डर, त्यात ‘डॉक्युमेंट’ नावाची फाइल, तिच्यात तुमचा मजकूर खुणांसकट साध्या अक्षरांत. शेजारी ‘मीडिया’ फोल्डरमध्ये चित्रं. शैली, म्हणजे मथळे-परिच्छेद कसे दिसावेत याचे नियम, एका खणात, तळटीपा दुसऱ्यात. याचा एक रोकडा फायदा आहे: डॉकएक्स बिघडून उघडेनाशी झाली तरी डबा फोडून मजकूर आणि चित्रं बरेचदा सुखरूप बाहेर काढता येतात. जुन्या डॉकमध्ये ही सोय नाही, तिथे सगळं एकात एक गुंतलेलं.

याच कारणाने डॉक फाइलचं नाव बदलून पुढे नुसता एक ‘एक्स’ चिकटवल्याने काही साधत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली, आतला माल तोच राहिला. वर्ड अशी फाइल उघडायला सरळ नकार देतं आणि आपल्याला वाटतं फाइल खराब झाली. नाव पूर्ववत केलं की ती पुन्हा उघडते.

‘कंपॅटिबिलिटी मोड’ म्हणजे काय बिघडलंय?

काहीच बिघडलेलं नाही. जुनी फाइल उघडल्यावर वरच्या पट्टीवर नावाशेजारी ही अक्षरं आली की पुष्कळांना धास्ती वाटते. अर्थ एवढाच, की वर्ड तुमच्या फाइलच्या काळात जाऊन बसलंय. जे त्या काळी नव्हतं ते तो तुम्हाला करू देत नाही, म्हणून काही बटणं फिकी पडलेली दिसतात. आजी-आजोबांशी बोलताना आपण नवे शब्द टाळतो, तसं.

गंमत अशी की ही अक्षरं डॉकएक्स फाइलवरही दिसू शकतात. डब्याच्या एका खणात ‘मी कोणत्या वर्डसाठी’ असा आकडा लिहून ठेवलेला असतो. २००७ साठी १२, २०१० साठी १४, २०१३ आणि त्यानंतरच्या सगळ्यांसाठी १५. मधला १३ गाळला आहे. बारा किंवा चौदा दिसला की वर्ड त्या आवृत्तीच्या नियमांनी ओळी आणि पानं मांडतं, म्हणजे तुमचा मजकूर होता तसा राहतो. माझ्या मते ही वर्डची सर्वात समंजस सोय आहे आणि लोक सर्वात आधी तीच घालवायला धावतात.

सेव्ह म्हणजे भाषांतर

सॉफ्टवेअर फाइल उघडतं तेव्हा तिचा मजकूर स्वतःच्या भाषेत समजून घेतं. सेव्ह करताना तो पुन्हा फाइलच्या भाषेत लिहितं. म्हणजे एका तारखेच्या दुरुस्तीसाठीही सबंध दस्तऐवजाचं दोनदा भाषांतर होतं. ज्या गोष्टीला समोरच्या भाषेत शब्द नाही, तिचं भाषांतरकार काय करणार? एक तर गाळणार, नाही तर हाताने चित्र काढून दाखवणार.

हे शब्दशः खरं आहे. नव्या वर्डमध्ये लिहिलेलं गणिती समीकरण डॉक फाइलमध्ये सेव्ह केलं की त्याचं चित्र होतं. दिसतं तसंच, पण त्यातला एक आकडाही आता बदलता येत नाही. स्मार्टआर्टच्या, म्हणजे वर्डमधल्या तयार साच्यांच्या, आकृत्यांचं तेच. भरायच्या फॉर्ममधल्या चौकटी, ज्यांतून पर्याय निवडता येतात, त्या साधा मजकूर होऊन बसतात. दुसऱ्या दिवशी ती फाइल पुन्हा डॉकएक्स केली म्हणून त्या चौकटी परत येत नाहीत.

यातून वाचायला एक सोय आहे. वर्डमध्ये ‘फाइल’वर जाऊन ‘इन्फो’, तिथे ‘चेक फॉर इश्यूज’, त्यात ‘चेक कंपॅटिबिलिटी’. सेव्ह करण्याआधीच कशाचं काय होणार याची यादी समोर येते. सेव्ह करताना अशी खिडकी आपोआप आली, तर ती न वाचता ‘कंटिन्यू’ दाबू नका. मी दाबत आलो आहे, म्हणून सांगतोय.

अक्षरं तीच, मग पानं का वाढतात?

वर्डच्या फाइलमध्ये ‘पान’ नावाची पक्की वस्तू नसते. मजकूर असतो, शैली असते, कागदाचा आकार असतो. ओळ कुठे मोडायची आणि पान कुठे संपवायचं हे प्रत्येक वेळी, त्या त्या संगणकावर, नव्याने ठरतं. एकाच भाषणाचं दोन वक्त्यांना वेगवेगळा वेळ लागावा तसं.

पहिला संशयित फॉन्ट. फाइलमध्ये बहुधा फक्त फॉन्टचं नाव असतं, फॉन्ट नसतो. तो संगणकावर नसला की सॉफ्टवेअर दुसरा घेतं. त्याची अक्षरं केसभर रुंद असली तरी दर ओळीला थोडं, दर पानाला एखादी ओळ असं साचत जातं आणि १४० ची १४६ होतात. यावर एक हुशार तोड निघालेली आहे: हुबेहूब तेवढ्याच रुंदीची अक्षरं असलेले मोफत फॉन्ट. टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन सेरिफ, कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो. वळण थोडं निराळं, पण ओळी तिथेच मोडतात. लिबरऑफिस वापरत असाल तर हे फॉन्ट असायलाच हवेत.

दुसरं कारण म्हणजे पानं मांडण्याचे नियमच आवृत्तीगणिक बदलतात. जुन्या नियमांचा आग्रह धरायचा तर ती कंपॅटिबिलिटी मोडची पाटी राहू द्यायची. आणि पानं हलताच कामा नयेत असा कागद असेल, तर संपादनाची फाइल वेगळी आणि पाठवायची पीडीएफ वेगळी.

मग सगळ्याच जुन्या फाइली एकदाच बदलून टाकू का?

हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर ‘नको’ असं आहे. जी फाइल फक्त वाचायची आहे तिला हातही लावू नये. डॉक वाचता येणार नाही असा दिवस जवळ नाही. उलट आजची बहुतेक सगळी सॉफ्टवेअर तो फॉरमॅट ओळखतात. ज्या फाइलवर पुढे महिनोन्महिने काम करायचं आहे, ती मात्र पहिल्याच दिवशी डॉकएक्स करावी. निम्मं काम झाल्यावर फॉरमॅट बदलला तर बिघाड कुठे झाला ते सापडत नाही.

बदलण्याचे रस्ते दोन आहेत आणि त्यांत फरक आहे. ‘इन्फो’मधलं ‘कन्व्हर्ट’ हातातल्या फाइललाच नव्या काळात आणतं, वेगळी प्रत करत नाही. ‘सेव्ह ॲज’ दुसरी फाइल तयार करतं, जुनी जागच्या जागी राहते. माझी शिफारस अर्थातच दुसऱ्याची. तिथे ‘मेंटेन कंपॅटिबिलिटी’ अशी चौकट दिसते. तिच्यावर खूण केली तर फॉरमॅट नवा मिळतो आणि पानांची मांडणी जुन्या नियमांनीच राहते.

फाइलमध्ये मॅक्रो असतील, म्हणजे एका कळीसरशी ठरलेली कामं करणारे छोटे प्रोग्रॅम, तर डॉकएक्समध्ये ते राहतच नाहीत. त्यांच्यासाठी ‘डॉकएम’ हा वेगळा प्रकार आहे. ही फारकत मुद्दाम केलेली आहे. जुन्या डॉकमध्ये मजकूर आणि मॅक्रो एकाच पिशवीत असायचे, आणि १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस जगभर पसरला तो याच वाटेने.

फाइल उघडायलाच तयार नाही

इथे कारण बहुधा सुरक्षेचं असतं. फार जुने फॉरमॅट वाचणारा कोडही फार जुना असतो आणि त्यातल्या भोकांतून घुसणं सोपं. म्हणून आजचं वर्ड वर्ड ९५ आणि त्याआधीच्या फाइली फक्त ‘वाचा, पण हात लावू नका’ अशा अटीवर दाखवतं किंवा नाकारतं. हा अडसर वर्डच्या सेटिंग्जमध्ये, ‘ट्रस्ट सेंटर’मधल्या ‘फाइल ब्लॉक’ या जागी सैल करता येतो. करावा तर तेवढ्यापुरता, आणि फाइल तुमची स्वतःची असेल तरच. २००७ मध्ये वर्ड २००३ च्या एका अपडेटने असेच जुने फॉरमॅट परस्पर बंद केले होते. लोकांनी इतका ओरडा केला की पुढच्याच जानेवारीत कंपनीला दिलगिरी व्यक्त करून अडसर काढण्याची सोपी सोय द्यावी लागली.

समीकरणवाल्यांना बसलेला तडाखा याहून मोठा. वर्डबरोबर येणारा जुना ‘इक्वेशन एडिटर’ मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये काढूनच टाकला, कारण त्यातल्या भोकातून हल्ले होऊ लागले होते. त्यात लिहिलेली समीकरणं आजही दिसतात. अलीकडच्या वर्डमध्ये त्यावर दोनदा क्लिक केलं तर नव्या समीकरणात बदलू का असं विचारलं जातं. जुन्या आवृत्त्यांत ते नुसतंच दिसत राहतं.

वर्डपर्फेक्ट, मायक्रोसॉफ्ट वर्क्स अशा जुन्या सॉफ्टवेअरच्या किंवा जुन्या मॅकवरच्या फाइली, यांसाठी मी आधी लिबरऑफिस उघडतो. मोफत आहे म्हणून दुय्यम, हा समज इथे उलटा पडतो. मेलेले फॉरमॅट वाचण्यात त्याचा हात धरणारं कमी. सेव्ह करताना ते ‘आहे तोच फॉरमॅट ठेवू की ओडीएफ?’ असं विचारतं. जुन्या फाइलीच्या बाबतीत ओडीएफ घ्या आणि हवं तर तिथून डॉकएक्स काढा. मात्र एकच फाइल आज वर्डमध्ये, उद्या लिबरऑफिसमध्ये, परवा ब्राउझरमध्ये असं फिरवू नका. प्रत्येक फेरीला भाषांतराची नवी चूक.

फाइल उघडली, पण मराठीच्या जागी कचरा

मराठी वाचकांचा सर्वात मोठा घोळ हा, आणि तो फॉरमॅटचा नाहीच. फाइल डॉकएक्स केली तरी तो जसाच्या तसा राहतो.

आज मराठी युनिकोडमध्ये लिहिली जाते. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षराला दिलेला कायमचा क्रमांक. ‘म’चा क्रमांक सगळ्या फॉन्टांत, सगळ्या संगणकांवर तोच. त्याआधीच्या फॉन्टांनी एक युक्ती केली होती. फाइलमध्ये साठवायची रोमन अक्षरं, आणि फॉन्टमध्ये त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवायचे. कृतिदेव या अशाच एका फॉन्टमध्ये ‘मराठी’ टाइप केलं की फाइलमध्ये जातात ई, जे, के, मोठी बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नसतेच, आहे तो देवनागरीचा मुखवटा. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि आपण म्हणतो फाइल करप्ट झाली. ती ठणठणीत असते. तो जुना फॉन्ट बसवा, मजकूर परत दिसेल.

दिसेल, पण शोधता येणार नाही, आणि मोबाइलवर पाठवला तर पुन्हा कचरा. म्हणून युनिकोडमध्ये बदलणं भाग पडतं, आणि ते वाटतं तितकं यांत्रिक नाही. ‘कि’ घ्या. डोळ्यांना वेलांटी आधी दिसते, म्हणून कृतिदेव ती आधी साठवतं, मग क. युनिकोड उच्चाराप्रमाणे चालतं: आधी क, मग वेलांटी. ‘कर्म’मधला रफार कृतिदेवमध्ये सर्वांत शेवटी येतो, म च्याही नंतर. युनिकोडमध्ये तो र आणि हलंत होऊन म च्या आधी जाऊन बसतो. म्हणजे हे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, कन्व्हर्टरला, नुसती अक्षरं बदलून चालत नाही, त्यांच्या जागाही हलवाव्या लागतात. वर श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव या जुन्या पद्धतींचे, कोणत्या रोमन अक्षराच्या जागी कोणता आकार याचे, तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. फाइल कोणत्या फॉन्टची आहे ते आधी पाहिल्याशिवाय कन्व्हर्टर लावला तर कचऱ्याचा दुसरा कचरा होतो.

मजकुरात मध्येमध्ये इंग्रजी शब्द असतील तर त्यांच्याकडे वेगळं लक्ष द्या. फॉन्ट न बघता सरसकट बदलणारा कन्व्हर्टर त्या खऱ्याखुऱ्या रोमन अक्षरांनाही मुखवटा समजतो आणि इंग्रजी नावाचं अगम्य मराठी करून ठेवतो. फाइलमधला मजकूर कॉपी करून वेबसाइटच्या चौकटीत चिकटवताना फॉन्टची माहिती गळून जाते, म्हणून हे तिथे हमखास घडतं. इंग्रजी तुकडे आधी वेगळ्या रंगाने खुणावून ठेवले तर नंतर शोधायला सोपे पडतात.

बदल झाल्यावर मी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासतो, ती म्हणजे ‘ऱ्या’मधला आडवा र. बरेच कन्व्हर्टर हिंदी समोर ठेवून केलेले असतात आणि हिंदीला हा र लागत नाही. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, ‘आचाऱ्यांना’ हे ‘आचार्यांना’ होतं. स्वयंपाक्याचा गुरुजी झाला, आणि स्पेलचेकने लाल रेघही ओढली नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. माझ्या त्या १४० पानी अहवालात असे एकोणीस सापडले. विसावा छापून आल्यावर दिसला.